कडूबाई आणि मोहनरावांची शिडी

कडूबाई झाडावर चढली की चिंचखोरीत कुणी मान वर करून बघत नसे. बघायचं काय त्यात? एसटी उशिरा येते, नळाला पाणी दिवसाआड येतं आणि कडूबाई कुठल्यातरी झाडावर असते, हे गावानं कधीच मान्य करून टाकलं होतं. उलट ती जमिनीवर नुसती बसलेली दिसली तर बायका विचारायच्या, "काय गं, बरं न्हाई का?"

घाटनांदूरहून डोंगराच्या अंगानं आत गेलं की हे गाव लागतं. कडूबाईचं माहेर मेंढ्या-शेळ्यांचं. उन्हाळ्यात रानात हिरवी काडी उरत नाही, तेव्हा लिंबाचा नि बाभळीचा पाला हाच जनावरांचा आधार. तो पाला पाडायला बापानं तिला पोरवयात पहिल्यांदा झाडावर चढवलं, आणि तिला ते इतकं आवडलं की खाली उतरवायला बापालाच वर चढावं लागलं. लग्न होऊन ती चिंचखोरीत आली तेव्हा सासू मंजुळाबाईनं कपाळाला हात लावला. नवी सून, पदर खोचून लिंबावर! पण पुढं चिंचा उतरवायची वेळ आली तेव्हा तीच सासू खालून ओरडत होती, "अगं, शेंड्याच्या राहिल्या की!"

आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापानं हिचं नाव कडू ठेवलेलं. नाव कडू पण स्वभाव गोड, असं लिहायचा मोह होतो. पण खोटं कशाला लिहा? चांगली फटकळ बाई. सरळ उत्तर द्यायचं तर तिला जणू पडसं व्हायचं. मात्र हसायला लागली की अख्खं अंग हलवून हसायची, आणि समोरच्याला कारण माहीत नसलं तरी हसू यायचं.

गावात जे काही डोक्याच्या वर असेल ते कडूबाईचं. शाळेच्या झेंड्याची दोरी वरच्या कप्पीत अडकली, बोलवा कडूबाईला. पोरांचा पतंग, देवळाच्या शिखरावर बसलेलं मधाचं पोळं, वाऱ्यानं उडून तारेवर लोंबणारी लुगडी, सगळ्याला कडूबाई. आणि वर्षाचं मानाचं काम म्हणजे सप्ताहाच्या आदल्या दिवशी मारुतीपुढच्या लिंबाच्या झाडावर भोंगा बांधायचा. तिनं भोंगा बांधला की सप्ताह सुरू झाला असं धरायचे. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, मुलगा परमेश्वर शेळ्या सांभाळायला लागला, सून आली. पण भोंगा तिच्याकडंच राहिला.

आता मोहनराव. मोहनरावांकडं जमीन बक्कळ, मन मोठं आणि सरपंच व्हायची इच्छा त्याहून मोठी. ती काही पुरी होत नव्हती. दर निवडणुकीत ते थोडक्यात पडायचे आणि दर वेळी गावाला काहीतरी देणगी द्यायचे. देणगी दिली की तिच्यावर नाव. देवळातल्या बाकांच्या पाठीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पंगतीच्या ताटांवर नाव. एकदा त्यांनी देवळाला पंखे दिले आणि पंख्याच्या पात्यांवर नाव घातलं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येईना. त्यामुळं बाहेरचा पाहुणा आला की मोहनराव भर उन्हाळ्यात हळूच बटण बंद करायचे आणि पाहुणा घाम पुसत वर बघेपर्यंत थांबायचे. गाव हसायचं, पण पंख्याखाली बसायचंही.

त्या वर्षी त्यांनी शिडी आणली. ॲल्युमिनियमची, घडीची, मधे सांधा असलेली. उलगडली की खटका बसतो आणि उंच सरळ शिडी होते. पायांना लाल रबरी टोपणं. एरवी अशा वस्तूची मजा दोन दिवस टिकते. पण मोहनरावांनी तिच्या एका बाजूच्या दांडीवर वरपासून खालपर्यंत लाल ऑइलपेंटनं लिहून घेतलं होतं: सौजन्य, मा. मोहनराव, भावी सरपंच. अक्षरं एवढी जाड की दांडीवर कंपनीचं जे काही लिहिलेलं होतं ते सगळं खाली गेलं.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी शिडीचं उद्घाटन ठरलं. शिडीला हार घातला, भोंगा खाली तयार ठेवला, मोहनरावांच्या हातात नारळ. कडूबाई नेहमीप्रमाणं पदर खोचून सरळ झाडाच्या बुंध्याला गेली.

"मावशी, तिकडं कुठं? शिडीनं चढा," मोहनराव म्हणाले.

"मला कावून शिडी? हे झाड मला वळखतं."

"आता वय झालं मावशी. ऐका माझं. गावासाठी आणलीय, पहिला मान तुमचा."

चारचौघांत देणगीदाराचं मन मोडू नये एवढी समज कडूबाईला होती. आयुष्यात पहिल्यांदा ती शिडीवर चढली. मधल्या सांध्याच्या वर पाय टाकला, भोंग्याची तार हातात घेतली आणि खटका आपोआप सुटला. शिडी मधून वाकली, आणि कडूबाई भोंग्यासकट खाली आली. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. एका पोरानं मोबाईलवर हे सगळं टिपलं होतं म्हणावं, तर त्याचा फोन मोहनरावांच्या तोंडावर धरलेला. त्यात मोहनराव डोळे मिटून देवाला हात जोडताना दिसतात, मागं खडखडाट ऐकू येतो आणि एवढंच.

पळापळ झाली. बायका रडायला लागल्या, कुणी पाणी आणलं, कुणी जीप. त्या गोंधळात मोहनरावांनी माईक हातात घेतला आणि गावाला शांत करायला म्हणाले, "घाबरू नका, घाबरू नका. मावशींचा जरा तोल गेला."

जीपमध्ये आडव्या पडलेल्या कडूबाईनं ते ऐकलं. पायाच्या कळा सोसवत नव्हत्या, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते या शब्दानं.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पायात सळई घातली. शेजारच्या खाटेवर घाटनांदूरची सुंदरबाई होती. तिचं छोटं किराणा दुकान. वरच्या फळीवरचा साबणाचा खोका काढताना पडून तिचं मनगट आणि कमरेचं हाड दुखावलेलं. दोघी पहिल्या दिवशी कण्हल्या, दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या सुनांबद्दल बोलल्या, आणि मग सुंदरबाईनं विचारलं, "तुमी कशावरून पडला?"

"मी पडले न्हाई. मला पाडलं. शिडीनं. मधून वाकली मेली."

सुंदरबाई उठून बसली. डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती तरी. "मधी सांधा? खटक्याचा? अन् पायाला लाल टोपणं?"

"लाल टोपणं."

"अगं बाई! ती तर माझीबी शिडी!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग कडूबाईला जे हसू फुटलं, त्यानं अख्खा वॉर्ड जागा झाला. नर्स धावत आली. एक पाय टांगलेली आणि एक हात गळ्यात अडकवलेली अशा दोन बायका पोट धरून हसतायत, आणि कारण विचारलं तर म्हणतात, एकाच शिडीवरून पडलो! नर्सनं दोघींचा ताप बघितला.

सुंदरबाईच्या मुलाला कंपनीकडून मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला होता, पण त्यानं तो वाचला आई पडल्यावर. त्या शिड्यांच्या काही मालात सांध्याचा खटका नीट धरत नाही, वापर बंद करा, शिडी परत आणून द्या, नवी शिडी घ्या नाहीतर पैसे परत घ्या. मुलगा त्याच दुपारी शिडी द्यायला निघाला होता. ही गोष्ट वॉर्डात ऐकली ती रोहिणीनं. ही वकील पोरगी विधी सेवेच्या कामानं दवाखान्यात येऊन बसायची, ज्यांना वकील परवडत नाही त्यांना फुकट सल्ला द्यायची; आणि बायकांना तर ही मदत कमाई न विचारता मिळते. तिनं हातातली पिशवी खाली टाकली.

"मावशी, मुलाला फोन लावा. आत्ता. शिडी देऊ नका म्हणावं, आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कुठल्याही कागदावर सही करू नका म्हणावं."

सुंदरबाईनं फोन लावला आणि इतक्या जोरात ओरडली की फोनची गरजच नव्हती. "आरं थांब! हाय तिथं थांब! शिडी घेऊन मागं फिर!"

मग रोहिणी खाटेच्या कडेला बसली आणि तिनं समजावून सांगितलं. कंपनी माल परत बोलावते म्हणजे तिनंच कबूल केलं की मालात खोट आहे. पण शिडी बदलून मिळाली म्हणजे मोडलेल्या हाडाचं काय, याचं उत्तर त्यात येत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं बीडला तक्रार करता येते. कंपनी लांब कुठंही असू दे, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा चालतो. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. वकील नसला तरी चालतो, स्वतः बोलता येतं. आणि खटक्यातच खोट असली तर आम्ही काळजी घेतली होती एवढं म्हणून कंपनीला सुटता येत नाही. ज्या दुकानदाराला खोट माहीत होती आणि तरी त्यानं माल खपवला, त्यालाही ओढता येतं.

"पण शिडी मी घेतली न्हाई," कडूबाई म्हणाली. "ती मोहनरावानं घेतली."

"घेणाऱ्याच्या मर्जीनं वापरणाराही कायद्यात ग्राहकच असतो. त्यांनीच तुम्हाला चढायला सांगितलं ना?"

"सांगितलं? गळ घातली!"

"मग ते त्यांनी आयोगापुढं सांगितलं पाहिजे. बाकी भरपाई, दवाखान्याचा खर्च, बुडालेलं काम, ते मी बघते."

मग कडूबाईनं जे विचारलं ते रोहिणीला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

"पोरी, तो आयोग असं लिहून देतो का, की ही बाई तिच्या चुकीनं पडली न्हाई?"

"देतो. शिडीत दोष होता आणि वापरणाऱ्याची चूक नव्हती, असं ठरलं तर तसंच लिहितो."

"मग लाव दावा," कडूबाई म्हणाली. "बाकीचं तू बघ. मला तेवढंच पायजे."

ती गावात परतली ती काठी टेकत. आणि गावानं तोवर आपलं ठरवून टाकलं होतं. मायेनंच ठरवलं होतं, तेच वाईट. "वय झालं बिचारीचं." "किती दिवस चढणार?" "नजर लागली असल." पतंग अडकला तर पोरं घाटनांदूरच्या वायरमनची वाट बघू लागली. झेंड्याची दोरी अडकली, कुणी तिच्या दाराशी आलं नाही. बायका तिला बसायला पाट द्यायच्या आणि आवाज हळू करून बोलायच्या. ज्या बाईला आयुष्यभर कुणी "सांभाळून" म्हटलं नव्हतं, तिला आता ओसरीची पायरी उतरतानासुद्धा कुणी ना कुणी ते म्हणायचं. तिला हे सोसवेना. एकदा तर ती भर अंगणात ओरडली, "आरं, शिडी मोडली! मी न्हाई मोडले!" लोकांनी मान हलवली आणि परमेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, आईला जप.

तिकडं बीडला कंपनीच्या वकिलांनी उत्तर दाखल केलं. सुंदरबाईच्या शिडीवर कंपनीची पट्टी आणि मालाचा नंबर स्वच्छ दिसत होता, बिल होतं. तिथं त्यांना फार बोलता येईना. पण कडूबाईबद्दल ते म्हणाले, ही शिडी आमच्या परत बोलावलेल्या मालातली आहे कशावरून? हिच्यावर नंबरच नाही. फोटोत तर नुसतं 'भावी सरपंच' दिसतं. आणि या बाईंनी ती घेतलीच नाही.

रोहिणीनं फोन करून सांगितलं, "मावशी, नंबर दांडीवर ठोकलेला असतो. तो रंगाखाली असणार. पंचांसमोर, व्हिडिओ घेत रंग काढायला हवा. आणि तोवर शिडीला कुणी हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली तर आपलं सगळं गेलं."

नेमक्या त्याच आठवड्यात मोहनरावांनी आसाराम मिस्त्रीला बोलावलं होतं. वर्ष फिरून सप्ताह परत आला होता, आणि मोडकी शिडी पंचायतीच्या पडवीत आडवी पडलेली लोकांना रोज दिसत होती, नाव वर करून. आसाराम लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट घेऊन आला. त्यानं सांधा जुळवायला शिडी ओढली, तर तिच्यावर कडूबाई बसलेली. काठी मांडीवर, पदर खोचलेला. मागून तिच्या शेळ्या आल्या होत्या. त्यातली एक पंचायतीच्या फळ्यावरची जुनी नोटीस शांतपणे खात होती.

"मावशी, उठा की. एवढी पट्टी मारतो," आसाराम म्हणाला.

"पट्टी मारायची तर माझ्यावर मार."

आसारामनं हत्यारं पिशवीत भरली आणि मोहनरावांना बोलावून आणलं. मोहनरावांमागून अर्धं गाव आलं. एवढी करमणूक फुकट कुठं मिळते?

"मावशी, उठा. लोक बघायलेत."

"बघू द्या. पडताना बघितलं, आता बसताना बघतील."

"असं नका करू. शिडी मपली हाय."

"शिडी तुमी गावाला दिलीय. अन् पाय मपला हाय. मला त्या नावाखालचा नंबर पायजे."

मोहनरावांचा चेहरा पडला. त्यांनी आवाज खाली आणला, पण पडवीत सगळं ऐकू येत होतं. "मावशी, नाव खरडायचं म्हणता? इलेक्शन तोंडावर हाय. लोक म्हणतील, मोहनरावाचं नाव पुसून टाकलं. विरोधक तर आत्तापासून म्हणायलेत, मोहनरावाची शिडी अशी तर सरपंचकी कशी!"

"मला तुमचं नाव पुसायचं न्हाई. मला एक सांगा. तुमी मायकात म्हणला, मावशींचा तोल गेला. तुमाला दिसला का माझा तोल जाताना?"

मोहनराव जमिनीकडं बघत म्हणाले, "न्हाई दिसला. मी डोळे मिटले हुते."

"कावून?"

"तुमी वर चढला की मी डोळेच मिटतो, मावशी. पोर हुतो तेव्हापासून. बघवतच न्हाई मला. दरवर्षी तुमी भोंगा बांधता, अन् मी खाली नारळ धरून मारुतीला म्हणतो, आमची कडूमावशी नीट उतरू दे. लोकांना वाटतं मी लई देवभक्त हाय." त्यांनी शिडीकडं बोट केलं. "म्हणून तर शिडी आणली मी. इलेक्शनसाठी न्हाई. दुकानदार म्हणला, ऑफर हाय, ह्या हप्त्यापुरती. मी भाव बघितला, खटका बघितला न्हाई. अन् त्याच शिडीवरनं तुमी... मग मी कसं म्हणू सांगा, की मपल्या शिडीनं मपल्या मावशीला पाडलं? तोंडातून तोल म्हणून गेलं. गेलं ते गेलं."

कडूबाईला राग येईल असं वाटलं होतं, पण आलं ते भरूनच. एवढा दांडगा माणूस, एवढी त्याची नावं गावभर, आणि इतकी वर्षं आपण वर असताना हा खाली डोळे मिटून उभा राहत होता, हे तिला कधी कळलंच नव्हतं. ती थोडी बाजूला सरकली.

"बसा."

मोहनराव पांढऱ्या पायजम्यासकट शिडीवर तिच्या शेजारी बसले.

"तुमी न्हाई पाडलं मला," कडूबाई म्हणाली. "तुमी फसला. पर मी बी न्हाई पडले. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या हायत मोहनराव, अन् त्या बीडला जाऊन सांगायला मला तुमी पायजेत. दुसरं कोण सांगल?"

मोहनराव नाक शिंकरून उठले. "आसाराम, थिनर हाय का बे तुझ्याकडं?"

ग्रामसेवकाला बोलावलं, दोन पंच उभे केले, आणि परमेश्वरनं मोबाईल धरला. या वेळी फोन शिडीवर राहील याची सगळ्यांनी मिळून काळजी घेतली. मोहनरावांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः उकिडवे बसले, जुन्या धोतराचा फडका थिनरमध्ये बुडवला आणि खालून घासायला लागले. आधी 'सरपंच' गेलं, तेव्हा मागून कुणीतरी हसलं. मग 'भावी' गेलं. आपल्या नावापाशी आल्यावर ते एक क्षण थांबले, आणि मग इतक्या जोरानं घासलं की टोपी पडली. लाल पाणी फरशीवर ओघळलं आणि त्याखालून दांडीवर ठोकलेले आकडे वर आले. ग्रामसेवकानं ते वाचले. फोनवर रोहिणीनं आपल्याकडच्या माहितीशी ताडून बघितले आणि पलीकडून ओरडली, "त्याच मालातली आहे! तीच!"

पडवीत टाळ्या पडल्या. त्या कुणासाठी होत्या हे नक्की कुणाला सांगता आलं नसतं.

बीडच्या आयोगापुढं मोहनराव कडक इस्त्रीचे कपडे घालून गेले. बिल दाखवलं. शिडी कुठल्या दुकानातून घेतली ते सांगितलं. आणि बिलावरच्या तारखेवरून असं निघालं की कंपनीनं माल परत बोलावल्यानंतर दुकानदारानं तो 'ऑफर' लावून खपवला होता. दुकानदाराचे वकील खोकायला लागले.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "या बाईंचं वय बघता, त्यांचा तोल गेला नसेल असं तुम्ही कसं म्हणता?"

"साहेब, तोल गेला असं मीच म्हणलो हुतो. ते मी न बघता म्हणलो. खोटं हुतं," मोहनराव म्हणाले. "मीच त्यांना शिडीवर चढवलं. त्या झाडावर निघाल्या हुत्या. झाडावर जाऊ दिलं असतं तर त्या आज इथं आल्याच नसत्या."

मग कंपनीचे वकील म्हणाले, आम्ही तर वापर बंद करा असं जाहीर केलं होतं. रोहिणीनं विचारलं, कुठं? इंग्रजीत, कंपनीच्या वेबसाइटवर आणि ज्यांचा नंबर नोंदला होता त्यांच्या मोबाईलवर. "चिंचखोरीत मारुतीच्या पारावर केलं होतं का?" ती म्हणाली. समोर बसलेल्या अध्यक्षबाईंच्या ओठावर हसू आलं.

पुढच्या तारखेला दोन्ही बाजूंना मध्यस्थीसाठी बसवलं. कंपनीचा एक तरुण साहेब आला होता, बोलायला अगदी मऊ. दोघींचा सगळा खर्च देतो म्हणाला, बुडालेल्या कामाचं देतो, त्रासाची भरपाई देतो. आकडा ऐकून सुंदरबाईनं कडूबाईला कोपरानं ढोसलं. साहेबांनी कागद पुढं केला. रोहिणीनं तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ही भरपाई कुठलीही चूक मान्य न करता देण्यात येत आहे.

"म्हंजी काय?" कडूबाईनं विचारलं.

"म्हणजे पैसे देतात, पण शिडीची चूक होती असं म्हणत नाहीत."

कडूबाईनं कागद साहेबाकडं सरकवला. "लेकरा, तू मला ह्याच्या निम्मं दे. पर ते लिही. शिडीचा खटका खराब हुता अन् बाईची चूक नव्हती. तेवढं लिही, न्हाई तर मी चालले शेळ्यांकडं."

"आजी, असं लिहायची आमच्याकडं पद्धत नाही."

"मग चालू कर की."

साहेब बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलत राहिला. आत दोघींनी भाजलेल्या शेंगा काढल्या, मध्यस्थ बाईंनाही दिल्या. साहेब परत आला तेव्हा टेबलभर टरफलं होती आणि तिघी हसत होत्या. त्यानं निम्मं केलं नाही, सगळं दिलं, आणि ते वाक्यही लिहिलं. सुंदरबाईनं तेवढ्यात आणखी एक घालून घेतलं: जिल्ह्यातल्या दर दुकानात मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावायची, की ह्या नंबराची शिडी असली तर चढू नका. "अजून किती जणींचे हातपाय मोडल्यावर कळायचं?" ती म्हणाली, आणि ते साहेबालाही पटलं. तसं तडजोडीचं पत्रक झालं, आयोगानं त्यावर आपला हुकूम केला.

गावात आल्यावर परमेश्वरनं तो हुकूम पारावर वाचून दाखवला. कायद्याची कलमं आली तेव्हा लोक तंबाखू मळत होते. मग ते वाक्य आलं. शिडीच्या सांध्याचा खटका मुळातच सदोष होता आणि तक्रारदार कडूबाई यांची कोणतीही चूक नव्हती.

"परत वाच," कडूबाई म्हणाली.

त्यानं वाचलं.

"परत."

तो परत वाचत होता तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी उठली, आपल्या घराकडं बघून म्हणाली, "कडूबाई, सकाळपासनं माझं लुगडं तारंवर अडकलंय गं." आणि कडूबाईला इतका आनंद झाला की ती नुसती मान हलवत राहिली.

पाय पुरता भरून आला, डॉक्टरांनीही जिना चढायला हरकत नाही म्हटलं, आणि पुढच्या वर्षीचा सप्ताह आला. सुंदरबाई खास पाहुणी म्हणून आली होती. भोंगा झाडाखाली ठेवलेला. मोहनरावांनी खांब उभा करून त्यावर बांधू असं सुचवून बघितलं. सूनबाईनंही डोळ्यांनी नको म्हटलं. कडूबाईनं काठी सुंदरबाईच्या हातात दिली, पदर खोचला आणि लिंबाच्या बुंध्याला हात लावला. शेंड्यापर्यंत नाही, पहिल्या मोठ्या फांदीपर्यंतच. पण चढली, आधी थोडी अडखळत, मग पायाला झाड सापडलं तशी सरसर.

फांदीवर नीट बसून तिनं दोर खाली सोडला, भोंगा वर घ्यायला. खाली मोहनराव नारळ छातीशी धरून डोळे घट्ट मिटून पुटपुटत उभे होते.

"मोहनराव!" कडूबाई वरून ओरडली. "उघडा की डोळे. मी काय कुठं जात न्हाई."

मोहनरावांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. भोंगा बांधून होईपर्यंत ते तसेच वर बघत राहिले.